दोनदा सापडलेला जिताडा

१

दुपार कलली, ओहोटीनं खडक उघडे पडले, आणि कालवं काढायला आलेल्या बायकांना ग्रेगरी मुर्झेलो सापडला.

गोराईच्या पलीकडे, खाडी समुद्राला मिळते त्या टोकाशी. डावा पाय दोन खडकांच्या फटीत घट्ट अडकलेला, बाकी शरीर उताराला कललेलं, केसांत वाळू. बायकांनी त्याला लगेच ओळखलं. गावातलाच माणूस. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून रोज गळ टाकून बसायचा आणि धरलेला मासा परत पाण्यात सोडून द्यायचा, म्हणून सगळं गाव त्याची थट्टा करायचं.

शवविच्छेदनात पाय मोडलेला निघाला. मृत्यू पाण्यात बुडून. पहाटे ओहोटी असताना शेवाळावर घसरला असेल, पाय फटीत अडकला असेल आणि भरतीचं पाणी चढलं असेल. पावसाळा सरला की असा एखादा जातोच. पोलीस ठाण्यात सगळ्यांनी हेच धरलं. उपनिरीक्षक दर्शना तायडेनंसुद्धा.

दर्शना वाकोल्यात वाढलेली. वडील अकोल्याकडून आलेले, घरात मासा रविवारी शिजायचा तेवढाच. समुद्रातलं तिला काही कळत नव्हतं आणि ते ती लपवतही नव्हती.

दफन झाल्यावर ग्रेगरीची मुलगी शॅरन वडिलांच्या वस्तू न्यायला ठाण्यात आली. अंधेरीच्या एका इस्पितळात ती नर्स होती. रडून रडून चेहरा सुजला होता, पण आवाज स्थिर होता. दर्शनानं बॅग, टोपी आणि गळाचा रॉड टेबलावर ठेवला. शॅरननं रॉड हातात घेतला आणि ती तशीच उभी राहिली.

"मॅडम, हा असाच मिळाला?"

"असाच. वरच्या कोरड्या खडकावर टेकवलेला होता."

"गळ या कडीत कोणी अडकवला? तुमच्यापैकी कोणी?"

दर्शनानं वाकून पाहिलं. मुठीच्या वर एक बारीक कडी होती. गळाचं टोक त्या कडीत नीट अडकवून दोरी ताणून घेतली होती.

"नाही. पंचनाम्याच्या फोटोतही तसाच आहे. का?"

"घरून निघताना असा अडकवतात, कोणाला टोचू नये म्हणून. खडकावर पोचले की डॅडी पहिलं काम काय करायचे, तर गळ सोडायचे. नंतर चपला काढायचे." शॅरननं रॉड हळूच खाली ठेवला. "मॅडम, त्या पहाटे डॅडी मासे धरतच नव्हते."

"मग काय करत होते?"

"कोणाशी तरी बोलत असणार. एकटे असते तर गळ पाण्यात असता."

२

शॅरननं सगळं समजावून सांगितलं. खाडीत जिताडा नावाचा मोठा, चवदार मासा मिळतो. तो कुठं वाढतो, कुठं जातो, हे शोधायला हौशी गळवाल्यांचा एक गट काम करत होता. मासा धरायचा, मोजायचा, पाठीच्या पंखाजवळ शेवईएवढा पिवळा टॅग टोचायचा आणि सोडून द्यायचा. टॅगवर नंबर असतो. तोच मासा पुन्हा कोणाला मिळाला की तो कुठून कुठं गेला ते कळतं.

"आणि यातून भांडणं होतात?"

"हल्ली व्हायला लागलीत. खाडीच्या तोंडावर मोठी जेट्टी यायचीय. त्याची जनसुनावणी आहे पुढच्या आठवड्यात. गटाचं म्हणणं, जिताडा जन्मभर याच खाडीत राहतो, खाडी गेली तर मासा संपला. टॅग लावलेले मासे पुन्हापुन्हा इथंच सापडलेत, हाच पुरावा."

गटाच्या प्रमुख होत्या डॉ. इरावती सबनीस, प्राणिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक. गट त्यांनी आणि ग्रेगरीनं मिळून उभा केला होता. प्रबुद्ध गवई नावाचा तरुण याच माहितीवर पीएच.डी. करत होता. आणि शॅरनचा चुलतभाऊ ॲड्रियन रोज ग्रेगरीबरोबर गळ टाकायला जायचा. त्या पहाटे मात्र गेला नव्हता.

"ॲड्रियनची जमीन जेट्टीच्या रस्त्याला लागून आहे," शॅरन खाली बघत म्हणाली. "जेट्टी आली तर त्याचं भलं होईल. पण तो डॅडींना... नाही मॅडम, तो नाही."

"आदल्या दिवशी वडील कुठं गेले होते?"

"खारदांड्याला. तिथं शिवदास म्हणून बोटवाला आहे. बंदरावर दोघांची जोरात वाजली म्हणे. अख्ख्या बंदरानं ऐकलं."

३

शिवदास जाळं शिवत बसला होता. दर्शनाला बघून त्याचा हात थांबला नाही.

"वरडलो मी त्याचेवर, खरं हाय. पण भांडण कसलं, बाय? मी त्याला एक टॅग दिला, तर तो मना परत परत एकच इचारीत होता. मावरं खरंच सातपाटीसमोर गावलं का? नक्की दसऱ्याला का? किती येला सांगायचं? मंग वरडलो."

"कसला टॅग?"

शिवदासनं मोबाइल काढून फोटो दाखवला. बोटीच्या फळीवर पडलेला चांदीसारखा जिताडा. पाठीवर कुजक्या दोऱ्यासारखं काहीतरी काळपट चिकटलेलं.

"मना वाटलं शेवाळ. नखान खरवडलं तवा आकडं दिसलं." पुढच्या फोटोत त्याच्या अंगठ्याखाली ते आकडे होते. ०४१७. "मावरं इकून टाकलं, टॅग बोटीतच पडून होता. ग्रेगरी आला तवा आठवण झाली."

फोटोवरची तारीख दसऱ्याचीच होती. दर्शनानं दोन्ही फोटो स्वतःच्या मोबाइलवर घेतले.

"टॅग बघून काय म्हणाला तो?"

शिवदासनं पहिल्यांदा मान वर केली. "म्हनाला काय नाय. आधी त्याचं तोंड उतरलं. कोन मेल्यासारखं. मंग येकदम हसला. मना काय कललं नाय."

ग्रेगरीच्या खिशात पाकीट होतं, भिजून बंद पडलेला फोन होता. टॅग नव्हता.

४

ॲड्रियन घराच्या ओट्यावर बसला होता. जिममध्ये कमावलेलं अंग, पण डोळे आत गेलेले.

"अंकलनी आदल्या रात्री फोन केला होता. उद्या येऊ नकोस म्हणाले. मी पण गेलो नाही, यार. झोपून राहिलो. आता झोपच येत नाही."

"का येऊ नकोस ते विचारलं नाहीस?"

"विचारलं ना. म्हणाले, एका माणसाशी बोलायचंय, आणि तो माणूस तुझ्यासमोर लाजेल."

दर्शनानं ते वहीत लिहून घेतलं. मग सहज म्हणाली, "शिवदासनं तुझ्या अंकलना एक टॅग दिला होता."

"आपला? नंबर काय?"

तिनं नंबर सांगितला. ॲड्रियनच्या कपाळावर आठ्या आल्या.

"चारशे सतरा? शक्यच नाही. तो मासा मी धरलाय. दिवाळीनंतर, इथंच खाडीत. जिवंत. आणि परत सोडला."

त्यानं फोटो दाखवला. ॲड्रियनच्या हातात काळसर जिताडा, पाठीवर हळदीसारखा पिवळाधमक टॅग. ०४१७. आकडे छापखान्यातून आल्यासारखे स्वच्छ. माशाची शेपटी मात्र कडेनं झिजल्यासारखी दिसत होती.

दर्शनानं दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले. एक मासा दसऱ्याला पार उत्तरेला, सातपाटीसमोर जाळ्यात मेला होता, लोकांनी तो शिजवून खाल्लाही होता. मग तोच मासा दिवाळीनंतर गोराईच्या खाडीत ॲड्रियनच्या गळाला कसा लागला?

५

"दर्शनाताई, आईशप्पथ, मला हे माहीत नव्हतं," प्रबुद्ध म्हणाला.

जोगेश्वरीतल्या त्याच्या भाड्याच्या खोलीत पुस्तकांशेजारी मीठ लावलेल्या माशांच्या बाटल्या होत्या. शिवदासच्या टॅगचं ऐकल्याबरोबर त्यानंही पहिलं हेच विचारलं होतं, "कुठला नंबर?" आणि नंबर ऐकून तो लॅपटॉपकडे धावला होता. आता पडद्यावर दुसऱ्यांदा सापडलेल्या सगळ्या जिताड्यांचे फोटो होते. वेगवेगळ्या गळवाल्यांनी, वेगवेगळ्या दिवशी काढलेले.

"बघा. सगळे टॅग कोरे करकरीत. महिनोन् महिने खाडीत राहिलेल्या टॅगवर शेवाळ चढायला हवं. आणि शेपट्या बघा. झिजलेल्या. रंग काळपट. हे खाडीतले मासे नाहीतच. हे तळ्यात दाटीनं वाढवलेले जिताडे आहेत." त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "वर्षभर हे फोटो माझ्यासमोर होते. मला जे हवं होतं तेवढंच मी बघत राहिलो. वाट लागली माझी."

"म्हणजे गळवाल्यांनी खोटं केलं?"

"नाही. त्यांनी मासे खरेच धरले. कोणीतरी तळ्यातले जिवंत जिताडे विकत आणले, त्यांना जुन्याच नंबरांचे नवे टॅग टोचले आणि गुपचूप खाडीत सोडले. गळवाल्यांना ते मिळाले, त्यांनी प्रामाणिकपणे कळवलं."

"जुन्या नंबरांचे टॅग पुन्हा कोण छापून घेऊ शकतं?"

"टॅग इरावतीताई मागवतात. पण टॅगचं सगळं सामान, मागणीचे कागदसुद्धा, माझ्याच खोलीत असतं. ॲड्रियनही नेतो." प्रबुद्धनं वर पाहिलं. त्याचे डोळे भरले होते. "आणि या माहितीचा सगळ्यात जास्त फायदा मला होता. तुम्ही मलाच धरणार ना आता?"

दर्शनानं वही मिटली. तीही तोच विचार करत होती.

६

बोरिवलीला इरावतीबाईंच्या घरात पुस्तकं होती आणि खूप उजेड. त्यांनी स्वतः चहा केला. साठी ओलांडलेल्या, ताठ बसणाऱ्या, केस आखूड कापलेले.

"ग्रेगरी माझा सगळ्यात जुना मित्र," त्या म्हणाल्या. "त्याला समुद्र माझ्यापेक्षा जास्त कळायचा. तरीही घसरला. वय झालं होतं आमचं."

"त्या पहाटे तुम्ही?"

"घरीच. एकटी राहते, त्यामुळे साक्षीदार नाही." त्या किंचित हसल्या.

"ते खडकावर कोणाशी बोलत होते, काही कल्पना?"

"जेट्टीवाल्यांपैकी कोणी असेल. आम्हाला धमक्या येतातच."

दर्शनानं कप खाली ठेवला. "शिवदास नावाच्या बोटवाल्यानं त्यांना एक टॅग दिला होता. आदल्याच दिवशी."

इरावतीबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. समोर इमारतींच्या फटीतून कांदळवनाची हिरवी रेघ दिसत होती.

"मच्छीमारांकडून आलेल्या टॅगवर मी फारसा विश्वास ठेवत नाही," त्या म्हणाल्या. "कधी धरला, कुठं धरला, त्यांच्या नीट लक्षात नसतं. सुनावणीत अशा एखाद्या टॅगला काही अर्थ नाही. चहा थंड होतोय तुमचा."

दर्शना आणखी थोडा वेळ बसली, खाडीबद्दल बोलली आणि उठली. जिना उतरताना मध्येच तिचा पाय थांबला. हातात कठडा तसाच धरून ती उभी राहिली. आत्ता वर काहीतरी चुकलं होतं. कोणी खोटं बोललं म्हणून नव्हे. एक प्रश्न विचारलाच गेला नव्हता.

७

दुसऱ्या दिवशी ती परत आली तेव्हा बरोबर प्रबुद्ध आणि ॲड्रियन होते. इरावतीबाईंनी तिघांकडे पाहिलं आणि त्या दार उघडं सोडून आत गेल्या.

"मॅडम," दर्शना म्हणाली, "मला मासे कळत नाहीत. माणसं थोडीफार कळतात. शिवदासनं टॅग दिला, असं मी या दोघांनाही सांगितलं. दोघांच्याही तोंडून पहिला शब्द निघाला, नंबर काय? तुमच्या कामात टॅग म्हणजेच नंबर. वर्षानुवर्षं हे काम करणाऱ्या बाईनं तो विचारला नाही. कारण तुम्हाला तो माहीत होता. या दोघांनी तो तुम्हाला कळवला नव्हता, म्हणजे तो कळायला ग्रेगरीशिवाय दुसरी वाट नव्हती. शिवदासनं टॅग दिला त्या संध्याकाळी ग्रेगरी घरी आले, ॲड्रियनला फोन केला आणि पहाटे खडकावर गेले. ज्याच्याशी बोलायचं होतं तो माणूस ॲड्रियनसमोर लाजला असता. जेट्टीवाला कशाला लाजेल? शिवदास कशाला लाजेल?"

"प्रबुद्ध लाजला असता," इरावतीबाई शांतपणे म्हणाल्या.

"हो. म्हणून काल मी वसईकडच्या तळेवाल्यांकडे हिंडले. खंडू म्हणून एकजण जिवंत जिताडे विकतो. त्याला प्रबुद्धचा फोटो दाखवला, ॲड्रियनचा दाखवला. तो नाही म्हणाला. म्हणाला, केस आखूड कापलेल्या एक बाई येतात, गाडीत पिंप घेऊन. देवळाच्या तळ्यात सोडायला नेते म्हणतात."

ॲड्रियन भिंतीला टेकला. "ताई?"

इरावतीबाई उठल्या. आतल्या खोलीतून एक छोटी काचेची कुपी घेऊन आल्या आणि ती त्यांनी दर्शनासमोर ठेवली. आत काळपट टॅग होता.

"फेकायला हवा होता," त्या म्हणाल्या. "फेकता आला नाही. वर्षभरातला तेवढा एकच खरा होता."

मग त्या प्रबुद्धकडे वळल्या.

"टॅग लावलेले मासे परत मिळतच नव्हते, प्रबुद्ध. एकही नाही. आणि जेट्टी यायची होती. मी म्हटलं, मासे इथंच आहेत हे मला ठाऊक आहे, फक्त कागदावर येत नाही. म्हणून मी ते आणले. ग्रेगरीनं टॅग माझ्या हातात ठेवला. चिडला नाही. तो खूश होता रे! म्हणाला, इरा, हे तर आपल्यापेक्षा मोठं निघालं. आपल्या खाडीत वाढलेला मासा पार सातपाटीपर्यंत जातो. ही खाडी बुजली तर नुकसान आपल्या गावाचं नाही, सगळ्या किनाऱ्याचं आहे. हेच सांगू. आणि तुझे खोटे टॅग आधी मागे घे."

"बरोबर होतं त्यांचं," प्रबुद्ध कसाबसा म्हणाला.

"एका टॅगवर? कोण ऐकणार होतं? आणि मी खोटं केलं हे कळल्यावर तो एकसुद्धा कोणी मानला नसता. मी त्याला म्हटलं, सुनावणी होईपर्यंत गप्प बस. तो नाही म्हणाला. टॅग परत मागायला पुढे आला, मी हात मागे घेतला, आणि तो घसरला. मी ढकललं नाही. हे खरं आहे. पण त्याचा पाय अडकला तेव्हा ओहोटी होती, मला वेळ होता."

"तुम्ही काय केलंत?" दर्शनानं विचारलं.

"पडताना त्याच्या खिशातला फोन भिजून बंद पडला होता. माझा गाडीत होता. मी वर आले, गाडीत बसले, फोन हातात घेतला." त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "आणि बसून राहिले. पाणी वर आलं, तरी बसून राहिले."

८

सुनावणीला सभागृह भरलं होतं. इरावती सबनीस कोठडीत आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. जेट्टीच्या बाजूचे लोक पुढच्या रांगेत ऐसपैस बसले होते. प्रबुद्ध उभा राहिला तेव्हा मागून कोणीतरी शिट्टी मारली. दुसऱ्यांदा सापडलेले सगळे मासे खोटे होते, असं त्यानं माइकवर सांगितलं आणि ते सगळे मागे घेतले. मग शिवदासच्या जिताड्याचा फोटो दाखवून म्हणाला, "एवढा एक खरा आहे." लोक हसले. अधिकाऱ्यांनी तेही लिहून घेतलं. निर्णय राखून ठेवला. ॲड्रियन शेवटपर्यंत त्याच्या शेजारी उभा होता.

त्याच आठवड्यात शॅरन ठाण्यात आली. "मॅडम, मला त्यांना भेटायचंय. एकच विचारायचंय."

दर्शनाला हो म्हणायचं नव्हतं. उत्तर काय असेल याची तिला भीती वाटत होती. पण शॅरन दारातून हलली नाही.

इरावतीबाई खुर्चीत बसल्या होत्या. थोड्याच दिवसांत त्या आक्रसून गेल्यासारख्या दिसायला लागल्या होत्या. शॅरन समोर उभी राहिली. बसली नाही.

"मी नर्स आहे, आंटी. पाय मोडला म्हणून माणसाची शुद्ध जात नाही. तुम्ही वर निघालात तेव्हा डॅडी जागे होते."

"हो."

"त्यांनी हाक मारली?"

इरावतीबाईंनी डोळे मिटले. "शॅरन, नको."

"मारली का?"

"हो."

"काय म्हणाले?"

बाहेर कोणाची तरी तक्रार चालली होती, खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"म्हणाला, इरा, धावू नकोस. शेवाळ आहे, पडशील." त्यांनी चेहरा ओंजळीत लपवला. "त्याला वाटलं, मी मदत आणायला चाललेय."

शॅरन तशीच उभी राहिली. मग तिनं पर्स खांद्यावर नीट केली आणि ती बाहेर पडली. दर्शना तिच्यामागोमाग फाटकापर्यंत गेली.

"विचारायला नको होतंस तू," ती म्हणाली.

शॅरननं मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"नाही मॅडम. रोज रात्री मला वाटायचं, आपल्याला कोणी सोडून गेलं हे कळून डॅडी गेले." तिनं श्वास घेतला. "पाणी तोंडाशी येईपर्यंत त्यांना वाटत असणार, इरा येतेय. हळू हळू येतेय."